‘रिच’चा कोड परत परत येतोय? पार्ट बदलण्याआधी ट्रिम आणि मॅप वाचा

प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. गाडी पुण्यात चालते, एक लाखाच्या वर किलोमीटर झालेत, आणि बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं आहे. चेक इंजिन लाईट लागते, स्कॅनरवर पी०१७२ येतो, म्हणजे बँक १ चं (सिलिंडरच्या पहिल्या रांगेचं) मिश्रण फार रिच, हवेच्या मानाने इंधन जास्त. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर, चारही प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले. कोड खोडला की आठवडाभरात परत हजर. ॲव्हरेज पडलंय, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी आहे, चढाला आधीसारखा दम नाही. मालकांनी ब्लूटूथ डोंगल लावून आकडेही पाठवलेत: गरम इंजिनवर आयडलिंगला दोन्ही ट्रिमची (इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, इंधनात केलेल्या दुरुस्तीची) बेरीज उणे २६ टक्के, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला उणे २३, कात्रजचा घाट चढताना अर्ध्या पिकअपवर उणे १२. आयडलिंगला मॅप, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब, ४४ किलोपास्कल. पेट्रोलवर आणि सीएनजीवर आकडे जवळपास सारखेच.

आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसता कोड सांगून ‘काय बदलू’ विचारलं असतं तर मलाही अंदाजच बांधावा लागला असता. या आकड्यांवरून अर्धे संशयित बसल्या जागी बाद होतात.

आधी हा कोड नेमकं काय सांगतो ते बघू. ईसीयू हवेचा अंदाज घेतो, त्या हवेला किती इंधन लागेल ते ठरवतो आणि तेवढा वेळ इंजेक्टर उघडा ठेवतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे पुढचा ऑक्सिजन सेन्सर कळवतो. ऑक्सिजन कमी उरला तर इंधन जास्त झालं असं मानून ईसीयू इंधन कापतो, जास्त उरला तर वाढवतो. क्षणाक्षणाला होणारी ही दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि सवयीने लक्षात ठेवलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म. उणे आकडा म्हणजे ईसीयू इंधन कापतोय. निरोगी गाडीत दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर पाच-सात टक्के इकडेतिकडे असते. कापण्याची मर्यादा संपत आली, साधारण उणे २५ च्या आसपास (प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा), आणि सलग दोन फेऱ्यांत तेच दिसलं की बहुतेक गाड्यांत पी०१७२ नोंदला जातो.

म्हणजे तुमची गाडी सध्या बराच वेळ बऱ्यापैकी बरोबर मिश्रणावर चालतेय, पण त्यासाठी ईसीयूला पावपट इंधन कापावं लागतंय. शोधायचं ते एवढंच: ईसीयूच्या हिशेबाबाहेरचं इंधन कुठून येतंय, की हवा आहे त्यापेक्षा जास्त आहे असं ईसीयूला कुणी सांगतंय?

ऑक्सिजन सेन्सर बदलणं इथे फुकट गेलं, आणि हे जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये होतं. कोडच्या कारणांच्या यादीत सेन्सरचा उल्लेख दिसला की पहिला हात त्यालाच लागतो. पण नवा सेन्सर लावूनही ट्रिम तेच असतील तर जुना सेन्सर खरंच बोलत होता. जुना टाकून दिला नसेल तर सांभाळून ठेवा. सेन्सरवर संशय असेल तर तो बदलण्याआधी दोन मिनिटांत तपासता येतो. इंजिन गरम असताना, चालू असताना, मॅनिफोल्डची एखादी व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढायची. बाहेरची हवा शिरली की साध्या सेन्सरचं व्होल्टेज क्षणभर तरी ०.२ च्या खाली पडलं पाहिजे, आणि नळी परत लावली की ०.४५ च्या वर-खाली त्याची ये-जा सुरू झाली पाहिजे. तसं होत असेल तर सेन्सर आणि त्याची वायर ठीक आहे, त्याला हात लावू नका. ०.८ च्या वर अडकून हलतच नसेल तरच पुढचा विचार.

एअर फिल्टरचंही तसंच. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर चोक झाला की मिश्रण रिच व्हायचं, आणि जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात ते घट्ट बसलंय. इंजेक्शनच्या गाडीत हवा फिल्टरमधून आल्यानंतर मोजली जाते. फिल्टर तुंबला तर मोजलेली हवाच कमी येते आणि इंधनही त्या मानाने कमी जातं. पिकअप मरेल, पण ट्रिम उणे २६ होणार नाही.

आणि ई२० पेट्रोल. आजकाल गाडीला काहीही झालं की दोष तिथे जातो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. ई१० वर शिकलेल्या ईसीयूला ई२० मिळालं तर तो इंधन वाढवेल आणि ट्रिम अधिककडे सरकतील, उणेकडे नाही. ई२० मुळे ॲव्हरेज थोडं कमी होतं हे खरं, रबराच्या भागांबद्दलची काळजीही समजण्यासारखी आहे, पण रिचचा कोड त्याच्या माथी मारता येत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. त्यातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे: दोन्ही इंधनांवर आकडे सारखेच.

दोन इंधनांची गाडी तपासणाऱ्याला डॅशबोर्डवरचा सीएनजीचा स्विच हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, आणि तो वापरायचं कुणाला सुचत नाही. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. पेट्रोलचा पंप आणि प्रेशर रेग्युलेटर वेगळा, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर वेगळा. फक्त पेट्रोलवर ट्रिम उणे असते तर मी पेट्रोल प्रेशर आणि इंजेक्टर धरले असते. रेग्युलेटर अडकून प्रेशर ३ बारचं ४ बार झालं तर प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे १५ टक्के, आणि ते आयडलिंगपासून हायवेपर्यंत सगळीकडे जवळपास सारखं दिसतं. फक्त सीएनजीवर उणे असते तर रिड्यूसरचा डायफ्राम, झिजलेले गॅस इंजेक्टर किंवा किटचं चुकीचं ट्यूनिंग. तुमच्याकडे दोन्हीकडे तेच आहे. म्हणजे चूक अशा जागी आहे जी दोन्ही इंधनांना सामाईक आहे. बहुतेक बाहेरच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा कंट्रोलर स्वतः हिशेब करत नाही. पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडला असता ते तो ईसीयूकडून उचलतो आणि गुणक लावून गॅसचा इंजेक्टर तेवढा उघडतो. ईसीयूचा हवेचा हिशेब चुकला की गॅसचाही चुकतो.

एक खबरदारी मात्र घ्या. स्विच बदलल्यावर लगेच आकडे लिहू नका. लाँग टर्म आधीच्या इंधनावर शिकलेलं असतं आणि ते विसरायला वेळ लागतो. प्रत्येक इंधनावर वीस-तीस किलोमीटर, थोडं शहरात थोडं मोकळ्या रस्त्यावर, चालवून मगच आकडे घ्या. तुम्ही तसं केलं नसेल तर ही चाचणी पुन्हा करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

दुसरी ओळ आयडलिंग, २५०० आणि घाट यांची. इथे जरा सावकाश जाऊ, कारण याच ठिकाणी चांगले मेकॅनिकही गडबडतात.

एखादा इंजेक्टर थेंब-थेंब गळत असेल, कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, किंवा इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरून त्याची वाफ पीसीव्हीच्या (इंजिनाच्या तळातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या) नळीतून आत येत असेल, तर जादा इंधनाचं प्रमाण दर मिनिटाला साधारण ठरलेलं असतं. आयडलिंगला इंजिन मुळातच कमी पितं, म्हणून तिथे ते फार जाणवतं. उभ्या गाडीत २५०० ला नेलं की इंजिन कितीतरी जास्त हवा ओढतं आणि तेवढंच जादा इंधन त्यात विरून जातं. उणे २६ चं उणे ८-१० व्हायला हवं होतं. तुमचं उणे २३ च राहिलं. म्हणून हे तिघे माझ्या यादीत खाली गेले.

मॅप सेन्सर चुकत असेल तर वेगळं दिसतं. मॅप मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, आणि तुमच्यासारख्या गाडीत हवेचा सगळा हिशेब त्या दाबावर, आरपीएमवर आणि हवेच्या तापमानावर चालतो. समजा तो खऱ्यापेक्षा ११ किलोपास्कल जास्त दाखवतोय. आयडलिंगला खरा दाब ३३ असताना ४४ दिसेल, ईसीयू ४४ च्या हिशेबाने इंधन टाकेल आणि पावपट कापावं लागेल. उभ्या गाडीत २५०० ला दाब आयडलिंगइतकाच किंवा त्याहूनही कमी असतो, कारण इंजिनवर भार नाही. म्हणून तिथेही ट्रिम सुधारत नाहीत. घाटात खरा दाब ७० च्या पुढे जातो, तेव्हा तेच ११ प्रमाणात लहान होतात आणि ट्रिम निम्म्यावर येतात. हे तुमच्या तीनही आकड्यांशी जुळतं.

गरम इंजिन, एसी बंद, हेडलाईट बंद, पंखा थांबलेला, अशा स्थितीत या आकाराच्या निरोगी इंजिनाचा आयडलिंगचा मॅप साधारण २८ ते ३८ मध्ये असतो. एसी चालू असताना ४४ दिसले असतील तर ते कदाचित ठीक असेल. तेव्हा आधी एसी बंद करून आकडा पुन्हा घ्या. तरीही ४४ च असेल तर प्रश्न एकच उरतो: मॅप खोटं सांगतोय, की मॅनिफोल्डमधला दाब खरंच वाढलाय?

पहिली परीक्षा फुकट आहे. सकाळी, इंजिन सुरू न करता, चावी ऑन करा आणि मॅप वाचा. इंजिन फिरत नसल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. मुंबईत, समुद्राशेजारी, तो १०१ च्या आसपास दिसेल. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे ९४ ते ९५ दिसायला हवा. महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. पुण्यात चावी ऑन करून १०० च्या वर आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय. एक फसगत टाळा: मोबाईलच्या हवामान ॲपमधला दाब पुण्यासाठीही १००८-१०१० हेक्टोपास्कल असा दिसतो, कारण तो समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. त्याच्याशी तुलना केलीत तर बिघडलेला सेन्सर बरोबर ठरेल. फोनमध्ये स्वतःचं बॅरोमीटर असेल तर त्याचा थेट आकडा चालतो.

सेन्सर बाद करण्याआधी त्याची अर्थिंग बघा. मॅपच्या तीन किंवा चार वायरमध्ये एक पाच व्होल्टची, एक सिग्नलची, एक ग्राउंडची, आणि चौथी असेल तर हवेच्या तापमानाची. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या ग्राउंडला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. तिथे पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि सेन्सर उगाच जास्त दाब दाखवतो. नवा सेन्सर लावूनही मग तेच. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत हे मुद्दाम बघायला सांगतो. हार्नेस कापून, पिळून, वर टेप गुंडाळून केलेले जोड पावसाळ्यात हिरवे पडतात.

किटवाल्याचा आणखी एक उद्योग म्हणजे टी-जॉइंट. रिड्यूसरला आणि किटच्या सेन्सरला मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम लागतं. काही जण मॅनिफोल्डला वेगळं भोक पाडतात, काही जण हाताशी असलेल्या नळीत टी बसवतात. गाडीचा मॅप सेन्सर नळीने जोडलेला असेल आणि टी त्याच नळीत असेल, तर रबर कडक होऊन चीर पडली की बाहेरची हवा त्या बारीक नळीत शिरते. सेन्सरला दाब वाढलेला दिसतो, पण इंजिनात तेवढी हवा गेलेली नसते. सरळ रिच. नळीचा तुकडा बदलला की प्रकरण मिटतं. सेन्सर थेट मॅनिफोल्डवर स्क्रूने बसवलेला असेल तर तो काढून टोक बघा. तेलकट काजळीने भोक बुजलं असेल तर आकडा आळशी होतो, पिकअप सोडल्यावर खाली यायला वेळ घेतो. ओ-रिंग चिरली असेल तर तीही बदला.

त्याच किटचा फायदाही करून घेता येतो. बहुतेक सिक्वेन्शियल किटला स्वतःचा प्रेशर सेन्सर असतो, तो गॅसच्या दाबाबरोबर मॅनिफोल्डचा दाबही वाचतो. किटवाल्याला लॅपटॉप जोडायला सांगा आणि त्याच्या सॉफ्टवेअरमधला मॅनिफोल्डचा आकडा तुमच्या डोंगलवरच्या आकड्याशेजारी ठेवा. एक ३३ आणि दुसरा ४४ दाखवत असेल तर दोघांपैकी कुणीतरी चुकतंय. दोन्ही ४४ दाखवत असतील तर दाब खरंच ४४ आहे.

लॅपटॉप नसेल तर जुना व्हॅक्यूम गेज आहेच, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे ते दाखवणारा. हल्ली तो फार कमी गॅरेजमध्ये सापडतो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण काही हजारांच्या स्कॅनरला जे दिसत नाही ते त्याची सुई दाखवते. गेज मॅनिफोल्डच्या नळीला लावा. पुण्यात आयडलिंगला पाऱ्याचे सुमारे १८ इंच दिसले तर त्याचे किलोपास्कल होतात ६१. बाहेरच्या ९४-९५ मधून ६१ वजा केले की ३३-३४ उरतात. म्हणजे इंजिन निरोगी आणि मॅप खोटा. गेज १५ इंच दाखवत असेल तर ५१ वजा होऊन ४४ उरतात. म्हणजे मॅप खरा, आणि दुखणं इंजिनाच्या पोटात आहे. मुंबईच्या मिस्त्रीला १८ इंच जरा कमी वाटतील, त्याला २० बघायची सवय असते. उंचीमुळे इथे दोनेक इंच कमीच दिसतात.

माझा कल सांगतो. तुम्ही लिहिलंय की चढाला दम राहिलेला नाही. नुसता मॅप चुकत असता तर ईसीयूने इंधन कापून हिशेब जुळवला असता आणि ताकद फारशी गेली नसती. दम गेलाय, दोन्ही इंधनांवर सारखं आहे, आणि गाडी इतकी वर्षं बाहेरच्या किटवर चाललीय. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतला गॅप, बघतो.

सीएनजी कोरडं इंधन आहे. पेट्रोलचा जो ओलावा व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये येतो तो गॅसवर मिळत नाही. व्हॉल्व्ह सीटवर कोरडाच आपटतो, सीट हळूहळू खचते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. ज्या इंजिनात टॅपेटचा गॅप हाताने किंवा शिमने (पातळ चकतीने) बसवावा लागतो, तिथे हा गॅप वर्षागणिक कमी होत जातो. बाहेरून आवाज काहीच येत नाही. उलट घट्ट टॅपेटचं इंजिन आधीपेक्षा शांत वाटतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. शेवटी गॅप इतका उरतो की इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन झिरपतं, आयडलिंग सांभाळायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, मॅनिफोल्डमधला दाब चढतो. ईसीयूच्या कोष्टकात ४४ ला जेवढी हवा लिहिलेली आहे तेवढी सिलिंडरमध्ये टिकत नाही, पण इंधन मात्र ४४ च्या हिशेबाने पडतं. म्हणून रिच. सेन्सर सगळे चांगले, वायरिंग चांगली, तरी कोड येतच राहतो, आणि मालक पार्टवर पार्ट बदलत राहतो.

तपासणी अशी. गॅप थंड इंजिनवर, रात्रभर उभ्या गाडीत, फीलर गेजने मोजायचा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. एक्झॉस्टकडे विशेष लक्ष द्या. कॉम्प्रेशन मात्र गरम इंजिनवर घ्या, कारण घट्ट टॅपेटची गंमत अशी की थंड असताना तो नीट बसतो आणि कॉम्प्रेशन छान दाखवतो. व्हॅक्यूम गेजची सुईही बोलते. एकसारखी पण खाली थांबलेली असेल तर सगळेच गॅप घट्ट आहेत किंवा टायमिंग चेन ताणून टायमिंग मागे पडलंय. ठरावीक तालात झटका देत असेल तर एखाद्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतोय. २५०० ला धरून ठेवल्यावर सुई आधी वर जाऊन मग हळूहळू खाली घसरत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुंबलाय, आणि इतका काळ रिच चाललेल्या गाडीत ती शक्यता सोडून देता येत नाही. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतील तर गॅप बसवायचा प्रश्न नाही, तेव्हा चेन आणि कन्व्हर्टर आधी.

गॅप घट्टच निघाला आणि सीट फार खचलेली नसेल तर तो नीट बसवून काम भागतं. जिथे शिम किंवा बकेट बदलावी लागते तिथे मजुरी वाढते, तरी हेड उतरवण्यापेक्षा परवडतं. गॅप बसवूनही गरम कॉम्प्रेशन कमीच राहिलं तर हेडचं काम करावंच लागेल, त्याला पर्याय नाही.

कूलंट टेम्परेचरचाही एक मुद्दा आहे, तोही दोन्ही इंधनांना सामाईक. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे. ‘उन्हाळा आहे, कशाला पाहिजे’ हे वाक्य मी रोज ऐकतो. थर्मोस्टॅट नसला की मोकळ्या रस्त्यावर कूलंट ६०-६५ वर थांबतं, ईसीयूला इंजिन अजून थंडच वाटतं आणि तो जास्त इंधन देत राहतो. डोंगलवर आकडा बघा: पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर ८५ ते ९५ मध्ये स्थिर राहिला पाहिजे. सेन्सर खरा आहे का हे सकाळी कळतं. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन केल्यावर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-चार अंशांत सारखं हवं. एक २४ आणि दुसरं ५ दाखवत असेल तर चोर सापडला. तुमच्या आकड्यांत घाटात सुधारणा दिसते, म्हणून मी याला वरचा नंबर देत नाही. पण बघायला मिनिटही लागत नाही.

पर्ज व्हॉल्व्ह मी खाली टाकलाय, तरी त्याची चाचणीही इतकी सोपी आहे की करूनच टाका. कॅनिस्टरकडून येणारी नळी आयडलिंगला पक्कडीने, मध्ये कापड घेऊन, हळूच दाबून धरा आणि शॉर्ट टर्म बघा. काही सेकंदांत उणे आकडा शून्याकडे पळाला तर पेट्रोलची वाफ तिथूनच येतेय. पंपावर नोझल कट झाल्यावर ‘राउंड फिगर’ करून घेण्याची सवय असेल तर ती सोडा. ते पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि तिथला कोळसा भिजून निकामी होतो.

इंजेक्टरच्या बाबतीत एक अपवाद लक्षात राहू दे. बऱ्याच किटमध्ये सीएनजीवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो, त्यामुळे गळका पेट्रोल इंजेक्टर गॅसवरही टपकतो आणि दोन्ही इंधनांवर रिच दिसू शकतं. तुमच्या २५०० च्या आकड्यावरून तो मला दिसत नाही. तरी गाडी तासभर उभी राहिल्यावर सुरू व्हायला त्रास देत असेल, किंवा चारपैकी एकच प्लग काळा-ओला असेल, तर रेल उचलून, खाली कोरडा कागद धरून, पंप चालू करून बघा. हे काम मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून. आणि गॅसची कुठलीही नळी सोडण्याआधी टाकीचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, तिथे घरगुती प्रयोग करायचे नाहीत. रिड्यूसरचं काम किटवाल्याकडूनच करून घ्या.

कारण सापडून दुरुस्ती झाली की लगेच डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी खुणेच्या वर चढली असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला. ते तसंच ठेवलंत तर त्यातली वाफ आत जात राहील आणि दुरुस्ती बरोबर होऊनही ट्रिम उणेच दिसतील. मग स्कॅनरने कोड खोडून लाँग टर्म शून्यावर आणा. त्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा: कोड आला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंट आणि मॅप किती होता ते सगळं त्यात असतं आणि कोड खोडला की तेही पुसलं जातं. मग गाडी पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ट्रिम शून्याच्या आसपास स्थिरावले की मगच किटवाल्याकडून गॅसचं ट्यूनिंग तपासून घ्या. आत्ताचं ट्यूनिंग चुकलेल्या ईसीयूवर केलेलं असू शकतं, ते तसंच ठेवलं तर सीएनजीवर गाडी आता लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) चालेल, आणि लीन गॅस हा व्हॉल्व्हचा त्याहून मोठा शत्रू आहे.

पीयूसीच्या मशिनचाही उपयोग करून घ्या. या गाडीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत, आणि २५०० च्या आसपास ०.२ च्या आत व लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, अगदी बरोबर असेल तर १) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. पीयूसीवाल्याला सर्टिफिकेटबरोबर ते आकडे नीट मोजून द्यायला सांगा, नुसता फोटो काढून देऊ नका म्हणावं.

तेव्हा क्रम असा ठेवा: एसी बंद करून आयडलिंगचा मॅप, सकाळी चावी ऑन करून मॅप आणि दोन्ही तापमानं, पर्जची नळी, मग व्हॅक्यूम गेज. इथपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायची गरज नाही. चावी ऑनचा आकडा ९५ आला आणि गेजने १५ इंच दाखवले, तर दुसरं काही न करता टॅपेटचा गॅप मोजून घ्या आणि आठही व्हॉल्व्हचे, सोळा असतील तर सोळाचे, आकडे इन्टेक-एक्झॉस्ट वेगळे लिहून मला पाठवा. शिम बदलून भागेल की हेड उतरवावं लागेल ते त्यावरून सांगतो.